सपाटीचा इतिहास : साताऱ्याहून सांगलीपर्यंत, सायकलच्या वेगाने

#थ्रेड #कृष्णाकाठ

१/ महाराष्ट्रातील तरुण इतिहासप्रेमी शनिवारी रात्री निघतो आणि रविवारी पहाटे एखाद्या गडाच्या पायथ्याशी उभा असतो. वाटेत लागलेली गावे अंधारात मागे पडलेली असतात. गडांचे हे प्रेम योग्यच आहे. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा निम्मा इतिहास गडांखाली, कृष्णेच्या सपाट खोऱ्यात घडला. तो वाचण्यासाठी चढाई लागत नाही. एक सायकल आणि तीन-चार मोकळे दिवस पुरतात.

२/ आधी भूगोल. कृष्णा महाबळेश्वरी सुमारे १,३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि कराडला पोहोचेपर्यंत त्यातील निम्म्याहून अधिक उंची उतरून जाते. तेथून पुढे मात्र उतार जवळजवळ संपतो. कराड आणि सांगली या शहरांच्या उंचीत जेमतेम पंधरा-वीस मीटरचा फरक आहे. नदी संथ होते, वळणे घेते आणि काठांवर काळी माती पसरत जाते. या संथपणानेच येथील शेती, बाजारपेठा, घाट आणि मंदिरे घडवली. महापूरही त्यानेच आणले. सहल आखताना हा उतार ध्यानात ठेवावा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

३/ या सपाटीचे आणि सायकलचे नाते जुने आहे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजच्या सायकलचा सांगाडा तेव्हाच ठरला. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला. त्याच १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले, असे किर्लोस्कर उद्योगाचा इतिहास सांगतो. हाच उद्योग पुढे कृष्णाकाठच्या एका माळावर येऊन वसला. तो माळ या सहलीच्या वाटेवर आहे.

४/ सुरुवातीची सायकल ही साहेबांची, वकिलांची आणि सधन व्यापाऱ्यांची वस्तू होती. सामान्य माणसापर्यंत ती पोहोचली ती तासाच्या भाड्याने. बाजारपेठेच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचे दुकान, दारात पाण्याची घमेली आणि पंक्चरचे सामान, भिंतीवर टांगलेल्या ट्यूब, वहीत नाव आणि वेळ. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस अडवत. घोडा ठेवणे परवडत नसलेल्या माणसाला स्वतःच्या मर्जीने गाव ओलांडण्याची सोय प्रथम मिळाली, ती या दुचाकीमुळे.

५/ सायकलवरून दूर जाण्याचे वेडही लवकरच आले. १९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. तो पराक्रम होता. रमतगमत केलेली सहल ही निराळी गोष्ट आहे. तिच्यात अंतर कापण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व असते आणि कोठे थांबायचे हे आधी ठरवावे लागते.

६/ थांबे ठरवून गावोगाव फिरण्याची रीत या खोऱ्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती हे तिचे उत्तम उदाहरण. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ येथील दोन, माजगाव, शिंगणवाडी, बहे, शिराळा, मनपाडळे, पारगाव. सतराव्या शतकाच्या मध्यात सुमारे दहा-अकरा वर्षांत ही स्थापना झाली. आज सातारा, सांगली आणि कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांत विखुरलेली ही ठाणी नकाशावर मांडली, तर कृष्णाखोरे आणि त्याच्या पश्चिमेची डोंगरकूस समोर येते. मसूर आणि बहे सायकलस्वाराच्या सहज आवाक्यात आहेत. चाफळकडे वळले की मांड्या कुरकुरू लागतात.

७/ केव्हा निघावे? पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, हिरवळ असते, पण नदीचा भरवसा नसतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मात्र हाच उसाच्या गळिताचा हंगाम. कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्ता अडवतात आणि अंधारात त्यांच्या मागच्या बाजूला अनेकदा दिवा नसतो. म्हणून उजाडताच निघावे, उन्हे चढण्याआधी मोठा टप्पा संपवावा आणि दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठावा. दिशा साताऱ्याहून सांगलीकडे ठेवावी. नदी जिकडे जाते तिकडे जाणारा कधी फारसा दमत नाही.

८/ पहिला दिवस, सातारा. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला. अजिंक्यतारा ताब्यात असूनही शाहूंच्या दीर्घ कारकिर्दीत राजधानीचे शहर वाढले ते किल्ल्याच्या पायथ्याशी. पेठा वसल्या, पाणी खेळवले गेले, सरदारांचे वाडे उभे राहिले. लढणाऱ्या राज्याला गड लागतो, कारभार करणाऱ्या राज्याला बाजार लागतो. मराठी सत्ता गडावरून खाली उतरल्याची पहिली मोठी खूण साताऱ्यात दिसते, आणि सहल येथूनच सुरू व्हावी हे त्यामुळेच उचित.

९/ शहराच्या पूर्वेस काही किलोमीटरवर माहुली. येथे वेण्णा कृष्णेला मिळते. घाटांवर मंदिरे आहेत. त्यांतील विश्वेश्वराचे मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधी यांनी बांधलेले. छत्रपती घराण्यातील अनेकांच्या समाध्या या वाळवंटात आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे येथलेच. ऑगस्ट १८१७ मध्ये दुसरा बाजीराव आणि सर जॉन माल्कम यांची भेट माहुलीला झाली. त्यानंतर तीनच महिन्यांत खडकीची लढाई झाली आणि पेशवाई संपुष्टात आली. मराठी राज्याच्या शेवटच्या मोठ्या वाटाघाटींपैकी एक अशी नदीकाठी, सपाटीवर झाली. श्रीपतरावांचे पंतप्रतिनिधी घराणे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

१०/ माहुलीहून कराडला जाण्याचे दोन मार्ग. एक राष्ट्रीय महामार्ग : जवळचा, गोंगाटाचा, सायकलला प्रतिकूल. दुसरा कृष्णेच्या पूर्वेकडून, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर असा. हा निवडण्यास एक ऐतिहासिक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज लोहमार्ग घातला, तो याच बाजूने. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून अभियंत्यांनी खोऱ्यातील सौम्य उतार शोधून काढले. ही मीटरगेज गाडी १९७१ पर्यंत धावली, मग रुळ रुंद झाले. सायकलस्वाराने रेल्वे स्थानकांची यादी हाती घेतली की उताराचा तयार नकाशाच मिळतो.

११/ या मार्गावर घाई करू नये. कोरेगावला घेवड्याचा बाजार, रहिमतपूरला आदिलशाही काळाची आठवण देणारी मशीद आणि कबर, मसूरला समर्थांचा मारुती. एका दिवसाच्या वाटेवर आदिलशाही, समर्थ संप्रदाय आणि इंग्रजी रेल्वे ही तीन युगे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. गडावर इतिहासाचा एक थर ठळक दिसतो, बाकीचे झाकले जातात. सपाटीवर प्रत्येक नव्या युगाने जुन्याला पुरते न पुसता आपले घर बांधले.

१२/ मुक्काम कराड. येथे उत्तरेकडून कृष्णा आणि पश्चिमेकडून कोयना येते. दोघी समोरासमोर भिडतात आणि एक होऊन वळतात. हाच प्रीतिसंगम. जवळच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी. गावात पंतांचा कोट आणि नकट्या रावळाची विहीर, नदीपलीकडे आगाशिवची बौद्ध लेणी. संध्याकाळी संगमावर बसावे आणि पाणी पाहावे. दोन नद्यांचे पाणी एकत्र आल्यावर पुढच्या सपाट प्रदेशात ते किती उंच चढू शकते, याचा अंदाज येथेच येतो.

१३/ दुसरा दिवस. कराड सोडून शेणोलीच्या दिशेने निघाले की सायकल एका वेगळ्या इतिहासात शिरते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेच्या सैनिकांनी रुळांवर दगड रचून पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजेच रामचंद्र श्रीपती लाड, हे या मोहिमेचे नायक. ते कुंडलचे. इंग्रजांनी सैन्य, टपाल आणि महसूल वाहून नेण्यासाठी सपाटीवर घातलेला लोहमार्गच त्या सत्तेची उघडी बाजू ठरला.

१४/ ‘प्रतिसरकार’ १९४३ ते १९४६ या काळात या भागातील शेकडो गावांत चालले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे सर्वमान्य नेते. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र या वाटेच्या जवळच आहे. न्यायदान मंडळे गावातील तंटे सोडवत, सावकारी आणि गुंडगिरीला आळा घालत, कमी खर्चाची गांधी-विवाह पद्धत रुजवत. गुन्हेगारांच्या तळपायांवर मारण्याच्या शिक्षेमुळे लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ असेही म्हटले. त्या शिक्षेची कठोरता आज प्रश्न उभे करते, आणि अभ्यासकाने ते प्रश्न टाळू नयेत.

१५/ एक कोडे येथे विचारण्यासारखे आहे. गनिमी कावा म्हटला की डोंगर आठवतो. मग उघड्या, सपाट प्रदेशात ही चळवळ टिकली कशी? पहिले उत्तर माणसांत आहे. भाकरी देणारे घर, निरोप पोहोचवणारा गुराखी, माहिती न देणारे गाव, आणि माणूस उभा राहिला तरी दिसू नये असा ऊस. सह्याद्रीने शिवकाळात जे केले, ते काम येथे गावांनी केले.

१६/ दुसरे उत्तर नकाशात आहे. त्या काळी हा प्रदेश एकसंध नव्हता. ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या अंगात औंध, सांगली, मिरज, फलटण, जत अशी संस्थाने तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. शेतातून चालत गेले तरी राज्य बदलत असे आणि पोलिसांची हद्द संपत असे. कुंडल हे औंध संस्थानात होते. आजचा सांगली जिल्हाही तेव्हा नव्हता. ऑगस्ट १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आजचा सायकलस्वार सकाळच्या दोन तासांत ज्या सीमा नकळत ओलांडतो, त्यांच्या आडोशाने अनेक भूमिगतांनी अटक चुकवली.

१७/ औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब हे माहुलीच्या त्याच पंतप्रतिनिधी घराण्यातले. सूर्यनमस्काराचे प्रसारक, चित्रकार, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना देणारे संस्थानिक. त्यांनीच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. बेळगावातील जागा सोडावी लागल्याने लक्ष्मणराव आसऱ्याच्या शोधात होते. सायकलींचे दुकानदार तोवर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले होते. आणि लोखंडाने जमीन नासते, या समजाशी झुंजत होते.

१८/ तो माळ म्हणजे किर्लोस्करवाडी. दुसऱ्या दिवसाचा मुक्काम या परिसरात करावा. कारखान्याभोवती शिस्तीची वसाहत उभी राहिली. १९२० पासून येथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. एका माळावरून निघालेली मासिके महाराष्ट्रभर वाचली जाऊ लागली. येथल्या पंपांनी नदीचे पाणी उचलून शेतात नेले. सप्टेंबर १९४२ मध्ये इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा प्राण गेलेल्या उमाशंकर पंड्या यांची नोकरी याच कारखान्यात होती. कुंडल येथून अगदी जवळ. यंत्रयुग आणि क्रांती यांच्यात सायकलने पाव तासाचे अंतर आहे.

१९/ तिसरा दिवस नदीचा. भिलवडीला कृष्णेच्या एका काठावर भुवनेश्वरी आणि पैलतीरी औदुंबरचे दत्तक्षेत्र. १९३९ साली चितळ्यांची डेअरी भिलवडीत सुरू झाली. दुधाची वेळ साधली तर थांबा गोड होतो. पुढे ब्रह्मनाळ, जेथे येरळा कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव येथे उलटली आणि अनेकांचा जीव गेला. येथे सायकल थांबवावी. सपाट प्रदेशाची किंमत कोण मोजतो, हे अशा गावांत कळते.

२०/ सांगली. चिंतामणराव पटवर्धन मिरजकरांपासून वेगळे झाले आणि १८०१ च्या सुमारास त्यांनी सांगलीला राजधानी केले. त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. येथला गणेशदुर्ग हा भुईकोट. त्यातील तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी फोडून बाहेर पडले. ऐन पावसाळा, कृष्णा दुथडी भरलेली, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे दोन साथी कामी आले, वसंतदादांना गोळी लागली. हेच वसंतदादा पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले.

२१/ आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते आणि पावसाळ्यात ही संख्या शहरभर तोंडातोंडी असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. शेजारच्या हरिपुरात, कृष्णा-वारणा संगमाजवळ, शेतकरी आणि व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत आले. येथल्या मातीत खोल खोदलेले पेव कोरडे राहते आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि हळद मातीमोल झाली. ज्या मातीवर गावाचा विश्वास होता, ती नदीचीच देणगी होती. नदी ती मागायला आली.

२२/ शेवटचा टप्पा मिरज, सांगलीहून तासाभराच्या आत. मिरासाहेबांचा दर्गा, त्याच्या परिसरात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर, आणि सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची दुकाने. भोपळा, लाकूड आणि तार यांतून सूर काढणारे हे हात पाहून सहल संपवावी. मिरज जंक्शनवर सायकल सामानाच्या डब्यासाठी नोंदवावी आणि त्याच जुन्या लोहमार्गाने परतावे. खिडकीत बसले की नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली ही स्थानके उलट क्रमाने येऊ लागतात. या वेळी ती केवळ नावे राहिलेली नसतात.

२३/ या मार्गावर एकही मोठा चढ नाही आणि पाठ्यपुस्तकात रंगवलेली एकही मोठी लढाई नाही. आहे ते असे : गडाखाली वसलेली राजधानी, सायकलच्या दुकानातून उगवलेला कारखाना, आपले सरकार आपणच चालवून पाहणारी गावे, आणि दर काही वर्षांनी घरात शिरणारी नदी. तीन दिवसांत गड चढून होत नाहीत इतके युग येथे पायडलखाली जातात. पुढच्या शनिवारी गडाकडे जाणारी एक तुकडी कमी झाली आणि माहुलीच्या घाटावर चार सायकली टेकलेल्या दिसल्या, तर सह्याद्री मुळीच रागावणार नाही.